खर्जाची पारख

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला लोहमार्ग दौंड ओलांडून भीमेच्या खोऱ्यात शिरला, की पुढे करमाळा तालुक्यातले जेऊर लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने पुण्याहून दिक्साळपर्यंतचा मार्ग १८५८ साली, दिक्साळहून बार्शी रोडपर्यंतचा १८५९ साली आणि तेथून सोलापूरपर्यंतचा १८६० साली खुला केला. त्यातल्या मधल्या तुकड्यावर हे गाव आले, आणि मुंबईत जे जे नवे उतरे त्याची आधी वार्ता आणि मागाहून वस्तू याच रुळांवरून या मुलखात येऊ लागली. रावरंभा निंबाळकरांनी १७२७ साली बांधलेल्या कमलाभवानीच्या देवळामुळे करमाळ्याची ख्याती जुनी आहे. शेजारचे केम कुंकवासाठी ओळखले जाते. जेऊर मात्र दीर्घकाळ गाडी बदलणाऱ्या आणि गाडीची वाट पाहणाऱ्या लोकांपुरतेच ठाऊक होते. नागराज मंजुळे या जेऊरच्याच माणसाने ‘सैराट’ हा चित्रपट काढून या तालुक्याची माती साऱ्या देशाला दाखवली, तेव्हापासून गावाचे नाव चारचौघांच्या तोंडी झाले.

या गावाच्या निमित्ताने ज्या विषयाला मी हात घालणार आहे, तो वरकरणी गावाशी विसंगत वाटेल. बास गिटार नावाचे चार जाड तारांचे विजेचे वाद्य, त्याला जोडावयाची यंत्रसामग्री, आणि या साऱ्याच्या गुणदोषांविषयी हल्ली मोबाइलच्या पडद्यावर अहोरात्र चालणारा जगभरचा खल, यांचा भीमाकाठच्या मुलखाशी संबंध तो काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. खालच्या स्वराची पारख कशी करावी हा प्रश्न बास गिटार जन्माला येण्याच्या शंभर वर्षे आधीपासून दक्षिण महाराष्ट्रात कारागिरांच्या आणि गवयांच्या पुढे होता, आणि त्या पारखीचे मुख्य साहित्य, म्हणजे भोपळा, याच नदीच्या काठी पिकत होते.

खालच्या स्वराचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. तो असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि नसताना नेमके काय हरवले हे भल्याभल्या श्रोत्याला सांगता येत नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. बास गिटारची सर्वांत जाड तार त्याहूनही खाली, सुमारे ४१ कंपनांवर बोलते. मनुष्याच्या श्रवणाची खालची सीमा साधारण २० कंपनांची धरतात. म्हणजे हा सारा व्यवहार कानाच्या सरहद्दीवरचा आहे. सरहद्दीवरच्या मुलखाचा बंदोबस्त जसा नेहमी दुसऱ्याच कोणाच्या हवाल्याने चालतो, तशी या स्वराची पारखही नेहमी दुसऱ्याच कशाच्या तरी द्वारे होत आलेली आहे.

प्रथम मिरजेची हकीकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या पटवर्धनांच्या संस्थानात शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले आणि कट्यारी घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांची घराणी होती. पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल स्थिर झाला, फौजा मोडल्या, हत्यारांची मागणी आटली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब हातात असूनही पोटाला काम उरले नाही, अशा अवस्थेत त्या घराण्यांपैकी फरीदसाहेब यांनी दरबारात येणाऱ्या गवयांची मोडकी वाद्ये दुरुस्त करण्यास हात घातला; आणि दुरुस्ती करता करता ते सतार आणि तंबोरे स्वतः घडवू लागले. पुढे त्यांच्या वंशजांनी आडनावच सतारमेकर असे लावले. ज्या हाताला पात्याच्या धारेतला केसभराचा फरक कळत होता, त्याच हाताला, तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या माथ्यावरचा केसभराचा उंचवटा कळावा, यात आश्चर्य नाही. मला तर वाटते की मिरजेच्या तंबोऱ्याची थोरवी गवयांच्या आश्रयापेक्षा या शिकलगारी बोटात अधिक आहे. पण इतिहास लिहिणारे लोक आश्रयदात्यांची नावे लिहितात आणि बोटांची लिहीत नाहीत.

लाकूड तुणीचे, तारा पोलादाच्या आणि पितळेच्या, घोडी हाडाची किंवा शिंगाची. हे सारे बाजारात मिळे. भोपळा मात्र बाजारातला चालत नसे. तो खाण्याच्या जातीचा नसून कडू असतो, त्याची साल जाड असावी लागते, आणि तो वेलीवरच पुरता पिकून वाळावा लागतो. असे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या खोऱ्यात होतात, आणि मिरजेचे कारागीर आजही त्यांच्यासाठी तिकडेच जातात. निवड करताना कारागीर भोपळा हातात घेऊन आधी त्याचे वजन अजमावतो, मग बोटाच्या पेराने निरनिराळ्या जागी टिचक्या मारतो. जिथे साल पातळ तिथे आवाज पोकळ आणि चढा येतो, जाड तिथे घट्ट आणि उतरता. आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा असा निघाला तर भोपळा दिसायला कितीही सुबक असला तरी बाजूला पडतो. निवडलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, वरचा भाग कापून आतला मगज आणि बिया खरवडून काढतात, आणि काठ पसरून रहावा म्हणून आत काटक्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवतात. एका तंबोऱ्याच्या भोपळ्याला शेतापासून दुकानापर्यंत यायला असे कित्येक महिने लागतात. यात पाऊस लांबला, पूर आला, कीड लागली, तर त्या वर्षाचे वाद्य त्या वर्षी होत नाही. शेतकऱ्याला ज्वारी आणि ऊस यांच्यापुढे हे पीक फायद्याचे किती वाटते, हा प्रश्न वेगळा. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, कालव्यांचे पाणी आले, आणि भीमाकाठचा शेतकरी कशाचा हिशेब आधी मांडील हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको.

दळणवळणाची गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. जेऊरहून थोड्याच अंतरावर, कुर्डूवाडीस, १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे नावाची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. ती १९०६ साली पंढरपुरास आणि १९२७ साली थेट मिरजेस पोचली. भोपळ्याचा प्रदेश आणि भोपळ्याला कंठ देणारे गाव ही अशी एका रुळावर आली, आणि कुर्डूवाडीच्या सांध्यावर हा रूळ मुंबईच्या मोठ्या रुळाला मिळाला. पंढरपूरच्या वारीत वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा काय किंवा गोंधळी-शाहिरांची एकतारी नि तुणतुणे काय, खालचा एकच स्वर अखंड धरून ठेवायचा आणि त्याच्या आधाराने वरचे सारे चालू द्यायचे, हा शिरस्ता या मुलखाला शिकविण्यास कोणी पाश्चात्त्य यावा लागला नाही.

पण भोपळा ही खर्जाची निम्मीच पारख. उरलेली निम्मी जवारीत, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या घडणीत, आहे, आणि तिथेच या विद्येचा सर्वांत सूक्ष्म भाग आहे. तंबोऱ्याची घोडी सतारीसारखीच रुंद असते, आणि तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. पुढच्या बाजूला तो किंचित उतरत जातो. तार कंपन पावताना या उतरत्या माथ्याला हलकेच चाटत राहते. कारागीर कानस आणि काचकागद घेऊन माथा घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. आणि शेवटी तारेखाली सुताचा दोरा घालून तो सूतभर मागेपुढे सरकवत बसतो, इतक्यात एका क्षणी तार एकदम बोलू लागते. तो आवाज एका स्वराचा राहत नाही. त्यात वरचे गंधार, पंचम, आणखी वरचे षड्ज एकामागून एक उमलल्यासारखे ऐकू येतात. गवई अब्दुल करीम खाँ, ज्यांनी मिरजेस घर केले आणि ज्यांचे निधन १९३७ साली झाले, ते तंबोरे लावण्याच्या बाबतीत किती काटेकोर होते आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने कशी करीत, याच्या आठवणी त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितल्या जातात.

१९२१ साली कलकत्त्यास भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात एक अशी गोष्ट मांडली की जिने तोपर्यंतच्या युरोपीय ध्वनिशास्त्राला धक्का द्यावा. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्यांची गाठ पडते ते उपस्वर त्या तारेतून निघता कामा नयेत; पण तंबोऱ्याच्या तारेतून ते सरळ, आणि चांगल्या जोराने, निघतात. कारण जवारीचा उतरता माथा. तार घोडीला ज्या जागी सुटते ती जागाच कंपनाबरोबर मागेपुढे होत असते, आणि त्यामुळे तारेची शक्ती खालून वर, मूळ स्वराकडून उपस्वरांकडे, सतत वाहत राहते. याचा अर्थ असा निघतो की मैफलीत आपण ज्याला भरदार खर्ज म्हणतो, त्यात प्रत्यक्ष खर्जाचा वाटा पुष्कळ कमी असतो आणि वरच्या स्वरांचा अधिक. मिरजेच्या कारागिराने भौतिकशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते. त्याने एवढेच ताडले होते की खालचा स्वर मोठा करावयाचा असेल तर वरचे मोकळे केले पाहिजेत.

वाद्याची परीक्षा जाहीरपणे, छापून आणि वाद घालून करण्याची चालही या भागाला अपरिचित नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ; त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका प्रसिद्ध केली. ई. क्लेमंट्स या जिल्हा न्यायाधीशाच्या साह्याने आणि अब्दुल करीम खाँच्या गळ्याच्या आधारावर श्रुतींची पेटी बनविण्यात आली. कचेरीत जमिनीच्या मोजणीचे तक्ते तपासलेल्या माणसाने निवृत्तीनंतर गवयाच्या गळ्याची मोजणी आरंभावी, हा त्या काळच्या सरकारी नोकराचा एक गोड हट्टच म्हणावयाचा. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती पेटी लोकांपुढे आली आणि तिच्यावर कडक टीका झाली. पुढे १९४० साली आकाशवाणीने साध्या पेटीलाच आपल्या कार्यक्रमांतून बंदी केली, तेव्हा तो वाद तर घराघरांत गेला. आज एखाद्या नव्या बासच्या पिकअपवरून, म्हणजे तारेचे कंपन विजेत उतरविणाऱ्या चुंबकी भागावरून, जी हमरीतुमरी चालते तिचे मला नवल वाटत नाही ते यामुळे; बडोद्याच्या मंडपातली हमरीतुमरी त्याहून तिखट होती, आणि त्यात राजेसाहेबही बसलेले होते.

आता बास गिटारकडे यावे. १९५१ साल या गोष्टीत विचित्र योगायोगाने पुन्हा पुन्हा येते. त्या वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास नावाचे वाद्य बाजारात आणले. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजविता येत नसे. पात्याला धार लावणाऱ्या घराण्यातून मिरजेचा तंबोरा निघाला आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरून बास गिटार. दोन्हींच्या जन्माला संगीतापेक्षा दुसऱ्या कसबाचे हात लागले. त्यापूर्वी १९३० च्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी विजेचा बास केला होता, पण तो चालला नाही. फेंडर यांची कल्पना साधी होती: माणसाच्या उंचीचा लाकडी डबल बास उचलून गावोगाव हिंडणे वादकाला जिवावर येते, त्याचा आवाज ट्रम्पेटांच्या गर्दीत बुडतो, आणि पडदे नसल्याने सूर चुकतो, तेव्हा चौतीस इंच तारेचे, पडद्यांचे, खांद्याला अडकवावयाचे वाद्य करावे आणि आवाजाचे काम विजेकडे सोपवावे. पडद्यांमुळे सूर बिनचूक लागतो म्हणूनच त्याचे नाव तसे ठेवले. १९५७ साली त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले, त्यामुळे विजेची गुणगुण गेली. १९६० साली त्याच कारखान्यातून जॅझ बास निघाला. आणि पुढची चर्चा बहुतेक या दोहोंपैकी अधिक चांगले कोणते याचीच राहिली.

त्याच १९५१ साली मुंबईत सी. रामचंद्र यांच्या संगीताचा ‘अलबेला’ हा चित्रपट आला. रामचंद्र नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, आणि त्यांच्या त्या कामात गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता. गोव्यातल्या पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत; त्या शिक्षणाच्या बळावर अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड असे गृहस्थ मुंबईच्या चित्रसृष्टीत आले आणि मराठी-हिंदी संगीतकारांच्या चालींना खालून भक्कम जोते बांधून देऊ लागले. आरंभी हे काम उभ्या डबल बासकडे होते. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बास गिटारला जो मान मिळवून दिला, तो अभ्यासण्यासारखा आहे. त्या काळातल्या गाण्यांतून तालवाद्ये आणि शब्द मनातून वजा केले तरी खालची ओळ स्वतंत्र चालीसारखी उभी राहते. एकच स्वर धरून बसणारा खर्ज येथे चालू लागला, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

सामान्य माणसाच्या हाती हे वाद्य यायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला. १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणावयाचे तर आयातीचा परवाना आणि भरभक्कम जकात. त्यामुळे बोटीवर नोकरी करणारा नातेवाईक, किंवा परदेशी वादकाने जाताना विकून टाकलेली जुनी चीज, एवढेच मार्ग. देशी पर्याय म्हणजे कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या कारखान्यांचा माल. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज ही १८६५ पासूनची पेढी होती, आणि शेजारीच गोवेकरांच्या कुडी, म्हणजे एकेका गावच्या मंडळींची वसतिगृहे. वाद्याची पारख अशा ठिकाणी तोंडी होई. मुद्रण नाही, लेख नाही. ज्याच्या हातून दहा वाद्ये गेली आहेत त्याने अकरावे हातात घेऊन मान हलवायची, आणि ती मान कोणत्या दिशेने हलली यावर सौदा ठरायचा. ती मंडळी करीत ती परीक्षा मात्र आजही मोडीत निघालेली नाही. बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर मिळतो की नाही हे पाहावे. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो का, ते ऐकावे, कारण दांड्याचे लाकूड स्वतःच तिथे थरथरून तारेची शक्ती पिऊन टाकते. आणि वाद्याच्या दांड्यात घातलेली लोखंडी सळई फिरते की गंजून बसली आहे, हे विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता तपासावे.

जेऊरसारख्या गावांत खालचा स्वर यापेक्षा वेगळ्या वाटेने आला. इथे आधी हलगी आणि संबळ, तमाशाच्या ढोलकीची धुम, मग अहुजाचे भोंगे आणि ॲम्प्लिफायर, मग ज्याला आपण बेंजो म्हणतो ती विजेवर चढवलेली टंकयंत्रासारखी कळपट्टी आणि तिच्या मागे ऑक्टोपॅड. वरातीच्या बेंजो पार्टीत बास गिटार क्वचितच दिसे. ते काम कीबोर्डवाल्याचा डावा हात उरकून टाकी. आणि शेवटी आला तो माणसाच्या उंचीच्या पेट्यांचा डीजे, ज्यात खालचा स्वर कानाने ऐकण्याचा राहिलाच नाही, छातीच्या पिंजऱ्याने सोसण्याचा झाला. मला त्याविषयी आस्था नाही हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्या बंदोबस्ताची जी कायदेशीर तजवीज आहे तीही तितकीच चमत्कारिक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; पण ही मोजणी ज्या पट्टीने होते ती पट्टी मनुष्याच्या कानाच्या मंद आवाजातल्या स्वभावावर बेतलेली असून, ४० कंपनांच्या आवाजातून ती सुमारे ३५ डेसिबल वजा करूनच आकडा सांगते. म्हणजे भिंतीवरची भांडी ज्याने खाली येतात तो स्वर सरकारी यंत्राच्या दप्तरी जवळजवळ नोंदलाच जात नाही. खर्जाची पारख दुसऱ्याच कशाच्या तरी द्वारे होते असे मी आरंभी म्हटले, त्याचा हा आणखी एक दाखला.

२०१६ साली दोन गोष्टी घडल्या. एप्रिलच्या अखेरीस ‘सैराट’ प्रदर्शित झाला. त्याचे संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केले होते, आणि भारतीय चित्रपटासाठी तसे प्रथमच घडत होते. करमाळ्याच्या उसाच्या आणि केळीच्या रानात चित्रित झालेल्या प्रेमकथेला लॉस एंजलिसच्या डबल बासांचा आधार मिळावा, आणि त्याच चित्रपटातल्या ‘झिंगाट’ने गावोगावच्या वरातींतल्या पेट्या फोडाव्यात, ही दोन्ही टोके एकाच ध्वनिफितीत आहेत. दुसरी गोष्ट सप्टेंबरातली: जिओचे स्वस्त इंटरनेटचे जाळे सुरू झाले, आणि अमेरिकेतल्या कारखान्यात काल निघालेल्या बासवर कोणी काय म्हटले हे जेऊरच्या तरुणाला धोबीतलावच्या दुकानदाराच्या आधी कळू लागले. मान हलविण्याच्या शास्त्राचे राज्य संपले.

मोबाइलच्या पडद्यावरच्या या नव्या परीक्षकांचा मी पुष्कळ काळ श्रोता आहे, आणि त्यांच्या मेहनतीविषयी मला आदर आहे. लाकूड कोणते, तारा वेटोळ्याच्या गोल की चपट्या, पिकअपमध्ये चुंबक कोणता, घोडीच्या प्रत्येक खाचेचा स्क्रू कुठवर आला, हे सारे ते इमानाने सांगतात. पण त्यांच्या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक गंमत आहे, आणि ती कोणी फारशी बोलून दाखवीत नाही. ज्या मोबाइलच्या कवडीएवढ्या ध्वनिक्षेपकातून जेऊरचा तरुण ही परीक्षा ऐकतो, त्यातून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडणे शक्यच नाही. कित्येकदा त्याच्या दुपटीचाही, म्हणजे ८२ चाही, पडत नाही. तरीही त्याला खालचा स्वर ऐकू येतो. तो कसा? १२४, १६५, २०६ असे उपस्वर तेवढे कानाशी येतात, त्यांच्यामधले अंतर दर वेळी सुमारे ४१ भरते, आणि मेंदू त्या अंतरावरून मूळ स्वर स्वतःच रचून घेतो. जे वाद्यातून आले आणि वाटेत गळून पडले, ते ऐकणारा आपल्या पदरचे घालून पुरे करतो. मग काही हजारांचा बास आणि दोन लाखांचा बास मोबाइलवर सारखेच वाटले, तर त्यात परीक्षकाचा दोष काय? ज्याला खरोखर निवड करायची आहे त्याने निदान चांगले हेडफोन लावून ऐकावे. आणि पैसे मोजण्यापूर्वी सोलापूर वा पुणे येथे जाऊन वाद्य मांडीवर घ्यावे. विजेची तार न जोडता, लाकडाचा वरचा काठ हनुवटीला टेकवून मोकळी तार छेडली तर जबड्याच्या हाडातून जे कळते, ते कोणत्याही चित्रफितीत कळत नाही.

मिरजेकडे पुन्हा एकदा नजर टाकली पाहिजे, कारण तिथेही या यंत्रयुगाने आपला हात दाखविला. १९७९ साली बंगलोरच्या जी. राज नारायण या विमानविद्येच्या अभियंत्याने विजेवरचा तंबोरा तयार केला, आणि पेटीएवढ्या खोक्यातून अखंड षड्ज-पंचम निघू लागल्यावर प्रवासी गवयांनी भोपळा घरी ठेवायला सुरुवात केली. पुढे तेच काम मोबाइलमधल्या फुकटच्या सोयीने घेतले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट कारागिरांच्या मानाची झाली. मानांकनाने भोपळा मात्र पिकत नाही.

राहिला तो एक तंटा, जो मला या साऱ्या विषयात सर्वांत मनोरंजक वाटतो. बास गिटारच्या परीक्षेत तार पडद्याला घासून खरखरली की तो दोष धरला जातो. कारखान्यात तारेची उंची इंचाच्या चौसष्टाव्या हिश्श्यात मोजून ती खरखर घालवतात. तंबोऱ्यात हेच घासणे गुण. पितळेची खर्जाची तार बास गिटारला चढवली तर पिकअपला ती ऐकूच येणार नाही, कारण पितळ चुंबकाला जुमानत नाही. आणि निकेलचे वेटोळे घातलेली बासची तार तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी धरणार नाही. दोन्ही वाद्यांचे शास्त्र असे परस्परांना पाठ करून उभे होते. १९५१ च्या डिसेंबरातच जन्मलेल्या जॅको पास्टोरियस या अमेरिकन वादकाने मात्र आपल्या जॅझ बासचे पडदे उपटून टाकले, लाकडाच्या खाचा बुजविल्या, आणि बोटपट्टीवर बोटीला लावतात तसल्या राळेचा कठीण थर दिला. १९७६ साली त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा लोकांना ऐकू आला तो तारेच्या आत फुलत जाणारा, गाणाऱ्या गळ्यासारखा आवाज. पडदे गेल्यामुळे तार दाबलेल्या बोटापुढच्या सपाटीला लांबवर चाटत जाऊ लागली होती. बिनपडद्याच्या बासचे शौकीन हल्ली त्या आवाजाला म्वाह म्हणतात. तो कोणत्या लेपाने अधिक येतो, दांडा किती सरळ ठेवावा, तार पट्टीपासून किती उचलावी यावर त्यांच्यात अखंड खल चालतो, आणि तो वाचताना खुली जवारी आणि बंद जवारी यांवरून मिरजेच्या दुकानात होणारे भांडण आठवल्याशिवाय राहत नाही. ‘किंचित घासली पाहिजे, पण घासल्याचे कळता कामा नये’ अशा अर्थाची अट दोन्हीकडे आहे. फुलर्टनने ज्या खरखरीला पंचवीस वर्षे दोष मानले, तिचे गुणात रूपांतर कसे करावे, हे मिरजेला १८५० च्या सुमारासच ठाऊक होते, आणि त्यासाठी लागणारा दोरा तिथे आजही पैशाला पासरी मिळतो.